अव्यक्ताचें बारसें



ज्या राशीचें मूल्य ठाऊक नाहीं तिला आधीं एक नांव द्यावें, आणि मग ती ठाऊकच आहे असें समजून तिच्याशीं व्यवहार करावा, ही युक्ति गणितशास्त्रास फार जुन्या काळीं साधली. मुलाचे गुण कळण्यापूर्वींच आपण त्याचें बारसें उरकतों. गणितांतहि तसेंच आहे. आज पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यांत, भोसरी-आकुर्डीच्या एखाद्या कारखान्यांत किंवा निगडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, कोणी तरुण संगणकाकडून हिशेब करवून घ्यावयास बसतो, तेव्हां त्याची पहिली कृति बारशाचीच असते. वेग, वस्तुमान, तापमान, दाब अशा ज्या ज्या राशि हिशेबांत यावयाच्या, त्यांना तो नांवें देतो. अशा नामधारी राशीला 'चल' म्हणतात. नांव ठेवणें ही बाब वरवर क्षुल्लक वाटते. पण तिच्या पोटीं केवढी जबाबदारी आहे, हें तिच्या इतिहासावरून दिसून येतें.

हा इतिहास आपल्या घराजवळूनच सांगावयास घेतां येतो. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयानें वसलेल्या गांवचे आपण रहिवासी, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणि' रचला; 'बीजगणित' हा त्याचाच एक भाग. त्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्यापन चालावें म्हणून मठ स्थापिला. त्याचा शिलालेख चाळीसगांवजवळील पाटण येथें आहे, आणि तो एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं विद्वानांच्या नजरेस आणला.

भास्कराचार्यांच्या बीजगणितांत अज्ञात राशीस 'अव्यक्त' अशी संज्ञा आहे. पहिल्या अव्यक्ताचें नांव 'यावत्तावत्', म्हणजे जितकें असेल तितकें. अज्ञानाची इतकी सरळ कबुली देणारें नांव क्वचितच आढळेल! अव्यक्तें एकाहून अधिक असलीं कीं त्यांना रंगांचीं नांवें द्यावयाचीं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहितांना पहिलें अक्षरच घ्यावयाचें: या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येपुढें 'रूप' या शब्दांतील 'रू' येई. तेव्हां 'या ३ रू ५' म्हणजे अज्ञात राशीची तिप्पट अधिक पांच. ही पद्धति भास्कराचार्यांनीं नव्यानें काढलेली नव्हे, इ. स. ६२८ मध्यें ग्रंथ लिहिणाऱ्या ब्रह्मगुप्तानेंहि अव्यक्तांस 'वर्ण' म्हणजे रंग असेंच म्हटलें आहे.

पुढें चौदाव्या शतकांत नारायण पंडितानें आपल्या बीजगणितांत ही मोकळीक आणखी वाढविली. रंगच हवेत असें नाहीं; वर्णमालेंतील अक्षरें घ्या, मधुरादि रसांचीं नांवें घ्या, अथवा निरनिराळ्या वस्तूंचीं नांवें घ्या. मात्र वस्तूंचीं नांवें घेतलीं तर त्यांचीं आद्याक्षरें भिन्न असावींत. अट लहान, पण तिच्यामागील विचार मोठा आहे. एका गणितांत नीलक रंग आणि नीलम रत्न हीं दोन्ही आलीं, तर नुसत्या 'नी'चा अर्थ काय घ्यावयाचा? लिहिणारास तो ठाऊक असेल. वाचणारानें काय करावें? नांव हें लिहिणाराच्या सोयीसाठीं असतें तितकेंच वाचणाराच्या समजुतीसाठीं असतें, हें तत्त्व येथें स्पष्ट झालें.

युरोपांत हीच वाट फ्रान्सच्या व्हिएतानें १५९१ सालीं धरली. त्यानें अज्ञातांस स्वर व ज्ञातांस व्यंजनें योजिलीं. १६३७ सालीं देकार्तनें अज्ञातांसाठीं रोमन वर्णमालेच्या शेवटचीं अक्षरें व ज्ञातांसाठीं आरंभींचीं अक्षरें पसंत केलीं. आपल्या शाळांतून 'ती संख्या क्ष मानूं' असें म्हणत कित्येक पिढ्या बीजगणित शिकल्या, तो याच रूढीचा मराठी अवतार होय.

येथवरचा अव्यक्त आणि संगणकांतील चल यांत मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. बीजगणितांतील क्ष हा पडद्याआड बसलेला असतो. त्याचें मूल्य ठरलेलें असतें, आपणांस तें शोधावयाचें असतें. संगणकांतील चल हा कोठारांतला खण आहे. त्यांत आतां एक संख्या असेल, क्षणानें दुसरी. म्हणून 'क = क + १' असें बीजगणितांत लिहिलें तर गुरुजी कान धरतील; संगणकास मात्र ती रास्त आज्ञा आहे. क या खणांतील संख्या काढ, तींत एक मिळव, आणि बेरीज त्याच खणांत ठेव, इतकाच तिचा अर्थ.

आरंभीं या खणांना नांवें नव्हतीं, क्रमांक होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं टिफ्रॅक हा संगणक चालूं झाला. त्या पिढीच्या यंत्रांशीं यंत्राच्याच भाषेंत बोलावयाचें, तर कोणती राशि कितव्या खणांत आहे याची यादी माणसासच ठेवावी लागे. अमेरिकेंत आय. बी. एम्. कंपनीच्या ७०४ या यंत्रासाठीं जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५७ सालीं फोर्ट्रान ही भाषा सिद्ध केली, आणि त्या यादीचें ओझें यंत्राच्या शिरावर गेलें. माणसानें नांव घ्यावें, खण यंत्रानें शोधावा! १९६४ सालीं टाटा संस्थेंत सी. डी. सी. ३६०० हा मोठा संगणक आला, आणि तेथें फोर्ट्रानमध्यें कामें होऊं लागलीं.

परंतु या सोयीबरोबर नवे धोकेहि आले. फोर्ट्रानमध्यें नांव फार तर सहा अक्षरांचें असे. शिवाय, वेगळें सांगितलें नसेल तर, 'आय'पासून 'एन'पर्यंतच्या रोमन अक्षरांनीं सुरू होणारी राशि पूर्णांकी समजावयाची, असा नियम होता. आतां वस्तुमानास इंग्रजींत 'मास' म्हणतात; त्याचें आद्याक्षर 'एम्'. म्हणजे एखाद्यानें भोळेपणानें हें नांव ठेवलें आणि त्यांत २.७५ ही संख्या भरली, तर खणांत उरणार नुसते २! पाऊण भाग गेला, आणि यंत्र चकार शब्द बोललें नाहीं. म्हणून जाणते लोक त्या नांवामागें 'एक्स' जोडून पळवाट काढीत. पुढें ही आपोआप होणारी समजूत बंद करण्याची आज्ञा फोर्ट्रानच्या १९९१ सालच्या प्रमाणकांत आली.

आज अभियंत्यांच्या हातीं मॅटलॅब, ऑक्टेव्ह यांसारख्या भाषा आहेत. नांव अक्षरानें सुरू व्हावें, मध्यें जागा सोडूं नये, लहान व मोठीं रोमन अक्षरें भिन्न समजावींत, इतके नियम पाळले कीं लांबलचक नांव ठेवण्यास मुभा आहे. पण वर्तुळाचा जो 'पाय' त्या भाषेंत आधींच ठरलेला आहे, तेंच नांव कोणीं आपल्या एखाद्या राशीस दिलें, तर पुढचीं सारीं क्षेत्रफळें चुकतात आणि यंत्र तक्रार करीत नाहीं. नियम व्याकरणाचे असतात. शहाणपण ज्याचें त्यानें आणावयाचें असतें.

एक उदाहरण घेऊं. पुणें-नाशिक रस्त्यावर चाकणजवळ एक मालट्रक ताशीं ७२ किलोमीटर वेगानें चालला आहे. ब्रेक दाबल्यावर त्याचा वेग दर सेकंदास ५ मीटर प्रति सेकंद या प्रमाणानें घटतो. थांबण्यास लागणारें अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले या घटीची दुप्पट. ताशीं ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदास २० मीटर. तेव्हां ४०० भागिले १०, उत्तर ४० मीटर. परंतु चलाचें नांव नुसतें 'वेग' असेल, आणि एकानें त्यांत ७२ भरून ठेवले असतां दुसऱ्यानें ते मीटर समजून वापरले, तर उत्तर येतें ५१८.४ मीटर. हें उत्तर हास्यास्पद म्हणून पकडलें तरी जाईल; याहून लहान चूक मात्र सहज पचून जाते. नांवच 'वेग_मीटर_सेकंद' असें असतें, तर ७२ भरणाराचा हात थबकला असता.

ही भीति काल्पनिक नव्हे. 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हें अमेरिकन यान २३ सप्टेंबर १९९९ रोजीं मंगळाजवळ नाहींसें झालें. जमिनीवरील एक आज्ञावली यानास मिळणारा रेटा पौंडांच्या मापांत सांगत होती, आणि तो आंकडा घेणारे त्यास न्यूटनच्या मापांतील समजत होते. दोहोंत सुमारें ४.४५ पटींचा फरक. संख्या शुद्ध होती, गणित शुद्ध होतें. ती संख्या कशाची, एवढेंच तिच्याबरोबर गेलें नव्हतें.

आणि आपल्या भाषेचें काय? २००८ च्या डिसेंबरांत आलेल्या पायथन भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांस देवनागरी नांवें देतां येतात. भास्कराचार्यांचा 'कालक' आज यंत्रांत जसाच्या तसा बसूं शकतो. मात्र आपल्या लेखनाच्या संवयी येथें कसोटीस लागतात. १९६२ सालच्या शुद्धलेखन-नियमांपूर्वींचा मनुष्य 'गति' लिही, त्यानंतरचा 'गती' लिहितो. वाचकास दोन्ही सारखीं. यंत्राच्या लेखीं ते दोन निराळे खण. एकांत संख्या भरावी आणि दुसऱ्यांत शोधावी, असा प्रकार व्हावयाचा. म्हणून एकत्र काम करणारांनीं नांवें कशीं लिहावयाचीं, हें आधीं ठरवून घेतलें पाहिजे.

कारखान्यांत आज लिहिलेली आज्ञावली दहा वर्षांनीं दुसराच कोणी उघडतो. मूळ लिहिणारा तेथें असेलच असें नाहीं. असतात तीं त्यानें ठेवलेलीं नांवें. यंत्रास 'क' आणि 'वेग' यांत कांहींच भेद नाहीं, त्यास फक्त खण हवा. भेद आहे तो माणसास. आठशें वर्षांपूर्वींचें 'या ३ रू ५' आपण आज वाचूं शकतों, कारण कोणतें अक्षर कशासाठीं, हें आचार्यांनीं सांगून ठेवलें. तेवढी काळजी आपणहि आपल्या मागून येणारांसाठीं घ्यावी.