नेत्र-ऊतकांचे स्थिरीकरण
शरीरातून काढलेल्या डोळ्यातील पेशींचे आत्मविलयन व कुजणे रासायनिक द्रवाने थांबवून सूक्ष्मदर्शकीय परीक्षेसाठी त्यांची रचना राखण्याची क्रिया. ब्लूम यांनी १८९३ मध्ये प्रचारात आणलेले फॉर्मॅलिन आजही सर्वाधिक रूढ असून, पेडणे वा डिचोलीकडील रुग्णाचा डोळा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे रवाना करावयाचा झाल्यास, कोकणपट्टीच्या दमट उष्म्यात विघटन त्वरेने होत असल्यामुळे, तो काढताक्षणीच १० टक्के उदासीन फॉर्मॅलिनात, स्वतःच्या घनफळाच्या किमान दहापट द्रवात, बुडविण्याची तजवीज अवश्य केली पाहिजे. श्वेतपटल जाड, द्रव सावकाश झिरपतो, म्हणून एक-दोन दिवस थांबावे लागते. तथापि फॉर्मॅलिनमुळे जालपटल कित्येकदा आपल्या पाठीमागील रंगद्रव्ययुक्त थरापासून सुटते. अल्कोहॉल व ॲसिटिक आम्लही असलेल्या डेव्हिडसनच्या द्रवात ते पुष्कळसे जागेवर राहते. झेंकरचा द्रव केंद्रके सुरेख दाखवितो, पण पाऱ्याचे कण मागे ठेवतो. स्थिरीकरणामुळे होणाऱ्या अशा कृत्रिम बदलांचा सर्वांत बोधप्रद दाखला लांगेच्या घडीचा : अर्भकांच्या जालपटलाच्या कडेस दिसणारी ही घडी दीर्घकाळ नैसर्गिक रचना मानली गेली, वस्तुतः ती स्थिरीकरणातूनच उद्भवते, अर्भकाच्या डोळ्याचा अहवाल लिहिणाऱ्याने तिला विकृतीचे लक्षण समजू नये.