‘गरज’ नावाची पळवाट

गुन्हेगारीच्या बातम्यांत एक वाक्य वर्षानुवर्षे छापून येते : ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ शब्दांशी रोजची ऊठबस असल्यामुळे मला हे वाक्य नेहमी खटकते. खाक्या म्हणजे नेमके काय, तो कुणी दाखवला, कुठल्या खोलीत दाखवला, यातले काहीच त्यात नाही. तरी वाचणाऱ्याला सगळे कळते आणि तो पुढच्या बातमीकडे वळतो.

छळ चांगला, असे उघडपणे कुणी म्हणत नाही. पण वाद निघाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. शहरात बॉम्ब ठेवला आहे, घड्याळ चालू आहे, ठेवणारा ताब्यात आहे आणि तोंड उघडत नाही. मग शेकडो जीव जाऊ द्यायचे का? कायद्यात याला गरजेचा बचाव म्हणतात. मोठे नुकसान टाळण्यासाठी लहान नुकसान केले, तर तो गुन्हा धरू नये, असा त्याचा अर्थ.

हा प्रश्न बहुतेक वेळा कल्पनेतलाच असतो. एका माणसासमोर मात्र तो जवळजवळ जसाच्या तसा उभा राहिला.

अल्जिरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता आणि स्वातंत्र्ययुद्ध पेटून दोन वर्षे झाली होती. १४ नोव्हेंबर १९५६ रोजी अल्जिअर्सच्या गॅस कारखान्यात फर्नां इव्हतों हा तिथलाच कामगार पकडला गेला. वंशाने युरोपीय, विचाराने कम्युनिस्ट आणि अल्जिरियाच्या स्वातंत्र्याच्या बाजूचा. त्याने ठेवलेला बॉम्ब सापडला. पण आणखी एक बॉम्ब असल्याचा सुगावा पोलिसांना लागला. तो गॅसच्या टाक्यांपाशी फुटला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको. पोलिसांनी छळाची परवानगी मागितली ती पॉल तेतजेन यांच्याकडे. शहराच्या पोलीस प्रशासनाची जबाबदारी त्यांच्यावर होती. दुसऱ्या महायुद्धात गेस्टापोच्या तळघरात या गृहस्थांनी स्वतः छळ सोसला होता. त्यांनी नकार दिला. ती दुपार आपण थरथरत काढली, असे त्यांनीच पुढे सांगितले. बॉम्ब फुटला नाही. दुसरा बॉम्ब कारखान्यात ठेवलाच गेला नव्हता.

कुणी म्हणेल, नशिबाने साथ दिली, एवढेच. खरे आहे. बॉम्ब फुटला असता तर आज तेतजेन यांचे नाव आपण कोणत्या सुरात घेतले असते? हा प्रश्न टाळता येत नाही. पण त्यांना दिसत होते ते त्या एका दुपारीपलीकडचे. एकदा या धंद्यात पाऊल टाकले, की परतीची वाट उरत नाही, हे ते जाणून होते. त्यांचा नकारही पुरेसा ठरला नाही. बंदी असताना पोलिसांनी इव्हतोंला विजेचे झटके दिलेच. ११ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याला गिलोटिनवर चढवले. त्याच्या बॉम्बने कुणाचाही जीव गेला नव्हता.

त्याआधीच, जानेवारी १९५७ मध्ये, शहराचा बंदोबस्त जनरल मास्यू यांच्या छत्रीधारी सैनिकांकडे गेला होता. आता परवानगी मागण्याची गरजच उरली नाही. मार्चमध्ये तेतजेन यांनी राजीनामा लिहिला. पकडलेल्यांच्या अंगावरचे वळ आपण ओळखतो, कारण तसेच वळ आपल्याही अंगावर उठले होते, असे त्यात होते. त्यांच्या हिशेबाने ३,०२४ माणसे त्या काळात ताब्यात जाऊन बेपत्ता झाली. या सगळ्यांना बॉम्बची जागा ठाऊक होती की काय? पुढे २००० साली, वयाच्या नव्वदीत, मास्यूंनीच मान्य केले की छळाविना भागले असते.

आपल्याकडचा कायदा पाहू. १८६० च्या दंड संहितेत कलम ८१ हे गरजेचे. त्यातले उदाहरण मोठे बोलके आहे. जहाजाच्या वाटेत वीस-तीस उतारूंची होडी येते. कप्तानाचा दोष नाही, पण जहाज थांबवणे शक्य नाही. ते वळवले तर दोन माणसांच्या दुसऱ्या होडीला धोका. कप्तान वळवतो. पण त्या दोघांना इजा व्हावी, असे त्याच्या मनात नसते. ती दोघे सुटली तर तो आनंदच मानेल. छळणाऱ्याचे तसे नाही. समोरच्याची वेदना हेच त्याचे हत्यार असते. ती झाली नाही, तर त्याचे काम फसते. म्हणूनच त्याच संहितेच्या कलम ३३० मध्ये कबुलीसाठी छळ करणाऱ्या पोलिसाचे उदाहरण गुन्हेगार म्हणून दिले आहे. २०२४ पासून नवी संहिता आली, तरी या दोन्ही तरतुदी टिकून आहेत.

पोलिसांपुढची कबुली पुरावा नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात घालणारे सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी एक आठवण नोंदवली आहे. हिंदुस्थानातले पोलीस छळ का करतात, याचे उत्तर त्यांना एका अनुभवी अधिकाऱ्याकडून मिळाले : उन्हात पुराव्यासाठी वणवण करण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत लाल तिखट चोळणे सोपे. कसली गरज आणि कसले काय!

गरजेच्या बचावाची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती इस्राएलमध्ये. १९८७ मध्ये तिथल्या लांडाऊ आयोगाने या बचावाच्या आधारे चौकशीत ‘मध्यम शारीरिक दबाव’ मान्य केला. हे मोशे लांडाऊ म्हणजे नाझी अधिकारी आयशमन याच्या खटल्याचे अध्यक्ष न्यायाधीश. अपवाद म्हणून सुरू झालेली गोष्ट लवकरच कार्यालयीन रिवाज झाली. खांदे धरून गदागदा हलवणे, डोक्यावर गोणपाट, कानठळ्या बसवणारे संगीत, झोप न देणे, आणि या सगळ्यासाठी वरिष्ठांची रीतसर परवानगी. ६ सप्टेंबर १९९९ रोजी अहरोन बराक यांच्या अध्यक्षतेखालच्या नऊ न्यायाधीशांनी हे सारे बेकायदा ठरवले. गरज हा खटल्यात नंतर मांडायचा बचाव आहे, तो आगाऊ परवाना होऊ शकत नाही, असे त्यांनी सांगितले.

मला हा निकाल अर्धाच पटतो. परवाना काढून घेतला, हे उत्तम झाले. पण एखाद्या अधिकाऱ्याला नंतर ‘गरज होती’ म्हणण्याची वाट मोकळीच राहिली. संयुक्त राष्ट्रांचा १९८४ चा छळविरोधी करार अधिक स्पष्ट आहे. युद्ध असो वा आणीबाणी, कोणतीही परिस्थिती छळाचे समर्थन ठरत नाही, असे तो म्हणतो. भारताने त्यावर १९९७ मध्ये सही केली. मंजुरी मात्र अजून दिलेली नाही.