वैद्यकीय इच्छापत्राची पूर्वपीठिका

शेत कोणास, घर कोणास, दागिने कोणाच्या वांट्यास, हें जिवंतपणींच लिहून ठेवण्याची चाल आपल्याकडे आतां नवी राहिलेली नाहीं. परंतु मृत्युपत्र बोलूं लागतें तें माणूस गेल्यावर. श्वास चालू आहे, पण शुद्धि व वाचा गेली आहे, अशा मधल्या अवस्थेंत देहाचें काय करावें, ह्याविषयीं तें एक अक्षरहि बोलत नाहीं. ह्या अवस्थेची दखल आपल्या कायद्यानें कशी घेतली, तो इतिहास अलीकडचा असला तरी मननीय आहे; आणि त्यांतील पहिलें मोठें प्रकरण मुंबईचें आहे.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्यावर ता. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथीलच एका सफाई-कामगारानें अमानुष हल्ला केला. साखळीनें गळा आवळला गेल्यामुळें मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्यांची जाणीव कायमची हरपली. ता. १८ मे २०१५ रोजीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयांत होत्या. आणि परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनीं त्यांची शुश्रूषा केली.

हें जिणें आणखी लांबवूं नये, अशी याचना लेखिका पिंकी विराणी ह्यांनीं २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयांत केली. रुग्णालयाच्या परिचारकवर्गानें तिला विरोध केला. ता. ७ मार्च २०११ च्या निकालानें याचना फेटाळली गेली. मात्र, उच्च न्यायालयाच्या अनुमतीनें अशा रोग्याचे कृत्रिम उपचार थांबवितां येतील, हें तत्त्व त्याच निकालानें मान्य केलें. दोन्ही पक्षांच्या मनांत करुणाच होती, असें आम्ही मानतों. उणीव होती ती एकाच साक्षीची. जिच्याविषयीं हा सारा वाद, तिची इच्छा सांगणारा शब्द कोणापाशींच नव्हता. हल्ला झाला तेव्हां तिचें वय अवघें पंचवीस वर्षांचें. आणि तिनें तसें कांहीं लिहून ठेवलें असतें, तरी त्या काळीं त्यास कायद्याचा आधार नव्हता.

तो आधार ‘कॉमन कॉज’ ह्या संस्थेनें २००५ सालीं केलेल्या अर्जावर ता. ९ मार्च २०१८ रोजीं मिळाला. सन्मानानें मरण येणें हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असें पांच न्यायमूर्तींच्या पीठानें ठरविलें व आगाऊ लिहिलेल्या वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. पण त्यावर प्रथम वर्गाच्या न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी, अशी अट घातल्यामुळें हक्क मिळूनहि तो दुर्लभच राहिला. ता. २४ जानेवारी २०२३ रोजीं न्यायालयानें ती अट सैल केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी ह्यांचें प्रमाणन घेतलें कीं पुरे, असें ठरलें. कागद अंमलांत आणण्यापूर्वीं दोन वैद्यकीय मंडळांनीं तपासणी करावी, ही तरतूद मात्र कायम राहिली.

आप्तांच्या लोभाचें भय दाखविणारांचें म्हणणें निराधार नाहीं. हे पहारे त्यासाठींच आहेत. मरणाची भाषा अशुभ, ह्या दुसऱ्या आक्षेपास मात्र आपली परंपराच उत्तर देते. १९८२ च्या नोव्हेंबरांत पवनारच्या आश्रमांत विनोबांनीं अन्न व औषध नाकारलें. त्यांची इच्छा सर्वांस स्पष्ट कळली होती आणि ती मानली गेली. परळची रोगी मात्र कांहींच सांगूं शकत नव्हती. आपणांपैकीं बहुतेकांचा अंतकाळ ह्या दोहोंपैकीं कोणासारखा येईल, हें कोणीं सांगावें? म्हणून, आपल्यावतीनें कोणीं बोलावें व काय बोलावें, हें घरांतील माणसांस आधीं सांगावें आणि मग लिहून ठेवावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे. तसें न केल्यास तो निर्णय आपल्या मुलांना, आपलें मन न कळतां, रुग्णालयाच्या दारांत उभें राहून करावा लागेल.