दुखण्याच्या दोन पिशव्या

आईच्या गुडघेदुखीच्या आमच्या घरात दोन पिशव्या होत्या. एकीत एक्स-रे, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि वेदनाशामक गोळ्या. दुसरीत योगराज गुग्गुळ, महानारायण तेलाची बाटली आणि एका फिरत्या औषधवाल्याकडून घेतलेल्या पुड्या. डॉक्टरांकडे जाताना ती पहिली पिशवी नेई, पंचवटीत वैद्यांकडे जाताना दुसरी. पुड्यांनी आठ दिवसांत गुण आला. चार महिन्यांत चेहरा गोल झाला, पायांवर सूज आली, रक्तातली साखर वाढली. पुडीत स्टेरॉइड मिसळले असावे, अशी शंका आलेल्या एका तरुण डॉक्टरने तिला विचारले, ‘‘आजी, याशिवाय आणखी काय काय घेता?’’ आई म्हणाली, ‘‘आजवर हे कुणी विचारलंच नाही हो.’’

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. ग्रंथालयात बसून जुने कायदे आणि समित्यांचे अहवाल वाचण्याची सवय तेवढी आहे. आईच्या त्या उत्तरानंतर मी एकच गोष्ट शोधू लागलो : हा प्रश्न विचारायचे आपल्याकडे राहून कसे गेले?

सुरुवात १९१२ पासून करावी लागते. त्या वर्षीच्या मुंबई इलाख्याच्या वैद्यक कायद्याने पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची नोंदवही सुरू झाली. वैद्य आणि हकीम तिच्याबाहेर राहिले. त्यांच्या नोंदणीचा कायदा व्हायला १९३८ उजाडले. म्हणजे एकच रोगी दोघांकडे जात होता, पण सरकारदप्तरी ते दोघे वेगवेगळ्या वह्यांत होते.

दरम्यान शिक्षणात मात्र मिश्रण सुरू झाले होते. पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ चे, वरळीचे पोदार १९४१ चे. आयुर्वेदाबरोबर शवविच्छेदन आणि आधुनिक शरीरशास्त्र शिकवावे की नाही, यावर वैद्यांतच दोन तट पडले : ‘मिश्र’ आणि ‘शुद्ध’. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९४८ मध्ये दोन्ही वैद्यकांचा समन्वय करावा, असे सुचवले. डॉ. के. एन. उडुपा यांच्या समितीचा १९५९ चा अहवालही एकात्मिक शिक्षणाकडे झुकलेला होता. मग १९६३ मध्ये मोहनलाल व्यास यांच्या समितीने शुद्ध आयुर्वेदाची बाजू उचलून धरली. पुढे १९७० च्या केंद्रीय कायद्याने भारतीय वैद्यकासाठी स्वतंत्र परिषद आली.

या वादांत मोठी विद्वत्ता खर्ची पडली आणि त्यातून संस्थाही उभ्या राहिल्या. पण वादाचा विषय होता पदवी, नोंदणी आणि अभ्यासक्रम. रोगी दोन्ही औषधे एकाच पोटात घेतो, त्यावर लक्ष कुणी ठेवायचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

आमच्या नाशिकला या इतिहासात एक विशेष जागा आहे. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ येथे स्थापन झाले आणि आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी या सर्वांच्या पदव्या एकाच विद्यापीठाकडे आल्या. दिंडोरी रस्त्यावरून म्हसरूळकडे जाताना मला नेहमी वाटते, दोन पिशव्या एकत्र उघडायच्या तर याहून योग्य ठिकाण कोणते? पण छप्पर एक झाले तरी विद्याशाखांच्या भिंती राहिल्याच. होमिओपॅथीच्या पदवीधरांना औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मर्यादित आधुनिक औषधे देता यावीत, अशी कायदादुरुस्ती राज्याने २०१४ मध्ये केली. हा अभ्यासक्रमही याच विद्यापीठाचा. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. आणि तोही पुन्हा, कुणी काय लिहून द्यावे याचाच.

जुन्या दुखण्याला एकट्या वैद्याचे किंवा डॉक्टरचे हात पुरत नाहीत, हे पश्चिमेतही उशिराच उमगले. ते ओळखणाऱ्यांत अग्रभागी होता एक पहिलवान. अमेरिकेतल्या जॉन बोनिका यांनी कुस्त्या खेळून वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवला. आखाड्यातल्या दुखापती त्यांना जन्मभर पुरल्या. भूलतज्ज्ञ झाल्यावर १९५३ मध्ये त्यांनी वेदनेच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे सिएटलमध्ये वेगवेगळ्या शाखांचे तज्ज्ञ एकाच रोग्याचा एकत्र विचार करतील, असे वेदना केंद्र चालवले. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडले, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असते आणि स्पर्शाच्या संवेदना ते काही अंशी लोटू शकतात. आपटलेला गुडघा आपण नकळत चोळतो, त्याचा काहीसा उलगडा त्यातून होतो.

म्हणून दिसेल त्या सांध्याला तेल चोळावे, असे मात्र आयुर्वेदही म्हणत नाही. झिजेचा संधिगतवात वेगळा आणि माधवनिदानात वर्णिलेला आमवात वेगळा. संधिगतवातात तेल आणि शेक. आमवातात सांधे सुजून जड झालेले असताना तेल वर्ज्य, तिथे तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक. निदान चुकले तर घरचे तेलसुद्धा अपाय करते, ही जाण त्या परंपरेत आहे. सरसकट ‘दोन्ही घ्या, काही बिघडत नाही’ म्हणणारा तिलाही जागत नाही.

दोन्ही पिशव्या एकत्र उघडण्याचे काम झाले ते पुण्याकडे, आणि ते मोजमाप करणाऱ्यांनी केले. संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये भिगवण गावात घरोघरी पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांत सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचे दुखणे निघाले. फ्लेमिंगोंसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाने गावाकडच्या दुखण्याला आकडा दिला. पुढे त्यांच्या गटाने गुडघ्याच्या झिजेवर एक चाचणी केली. ४४० रोगी, २४ आठवडे, चार गट : दोन गटांना सुंठ, गुळवेल, आवळा, सालई अशा वनस्पतींच्या अर्कांवर बेतलेली आयुर्वेदीय औषधे, एकाला ग्लुकोसामाइन, एकाला सेलेकॉक्सिब. कुणाला काय मिळाले हे रोग्यालाही ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यालाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आयुर्वेदीय औषधांचा गुण इतर दोन औषधांच्या तोडीस तोड होता.

मला त्या निबंधातली दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते. आयुर्वेदीय औषध घेणाऱ्या काहींच्या रक्तात यकृताशी संबंधित एक घटक वाढलेला आढळला. त्यांना त्रास काही जाणवत नव्हता आणि औषध थांबवल्यावर तो पूर्ववत झाला. आयुर्वेदाच्या बाजूचा निष्कर्ष मांडणाऱ्यांनीच ही नोंद केली. रक्त तपासले म्हणून ती सापडली. आईचे रक्त त्या चार महिन्यांत कुणी तपासले नव्हते.

पुड्या हळूहळू सोडवाव्या लागल्या. स्टेरॉइड एकदम बंद करणे धोक्याचे असते, हेही तेव्हाच कळले. नंतर मी दोन्ही पिशव्यांतले सगळे एका वहीत उतरवले : औषध, तारीख, कुणी दिले, काय झाले. ती वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि वैद्यांकडेही. वैद्यांनी डॉक्टरांची पाने उलटली आणि एक काढा कमी केला. डॉक्टरांनी वैद्यांची पाने वाचून एक गोळी थांबवली. गुडघे पूर्ण बरे झाले नाहीत, पण आई पुन्हा गोदाकाठापर्यंत चालत जाऊ लागली. वहीच्या पहिल्या पानावर तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते, ‘सगळ्यांना दाखवणे.’