बटणाचं फूल

कागदाची फुलं म्हटली की आपल्याला लग्नाचा मांडव आठवतो, नाहीतर गणपतीची आरास. वास नाही, कोमेजणं नाही. पुढच्या वर्षी धूळ झटकली की पुन्हा ताजी! पण अशाच एका फुलावर साहेबाच्या देशात अख्खा कारखाना चालला, हे वाचलं आणि माझ्यातला बी.कॉम. सावरून बसला.

हे फूल पॉपीचं, म्हणजे आपल्या खसखशीच्या भाऊबंदांतलं तांबडं रानफूल. आपल्याकडे खसखस अनारशाला लागते, नाहीतर गप्पांत पिकते. तिकडे पहिल्या महायुद्धात तोफांनी उखणलेल्या जमिनीवर पॉपी फुलली आणि मेलेल्या सैनिकांची खूण होऊन बसली. अ‍ॅना गेरँ या फ्रेंच बाईंनी कापडी पॉपीच्या बदल्यात मदत गोळा करण्याची कल्पना लंडनला नेली. ११ नोव्हेंबर १९२१ च्या पहिल्या पॉपी दिनी सुमारे ९० लाख फुलं खपली. १ लाख ६ हजार पौंड जमले.

पुढल्याच वर्षी मेजर जॉर्ज हॉसन यांना फुलं घरीच करण्यासाठी २,००० पौंडांचा चेक मिळाला. चेक हाती आला की माणूस खुलतो, हा माझा काउंटरवरचा अनुभव. हॉसनसाहेबांनी मात्र आईवडिलांना कळवलं, की फारसं यश येईलसं वाटत नाही, पण अपंगांना संधी मिळावी म्हणून करून बघायला हवं. पाच अपंग सैनिक घेऊन लंडनच्या ओल्ड केंट रोडवर काम सुरू झालं. फुलाची घडणच अशी, की एक हात गमावलेल्यालाही जोडता यावं. पाकळ्या बसवा, मधोमध काळं बटण, झालं फूल! आपल्याला वाटतं, काटकसर केली असेल.

आता ते बटण. त्यावर १९९४ पर्यंत ‘हेग फंड’ अशी अक्षरं असत. हे फील्ड मार्शल हेग. यांच्याच हुकमतीखाली १ जुलै १९१६ या एका दिवसात सॉमच्या लढाईत १९ हजारांवर ब्रिटिश सैनिक ठार झाले. आणि युद्धानंतर माजी सैनिकांसाठी झटले तेही हेच. जमा आणि नावे, दोन्ही एकाच बटणावर! याची शिल्लक कशी काढायची, ते आम्हांला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

आपल्याकडे १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वज दिन असतो. डब्यात पैसे टाका, खिशाला कागदी झेंडा लावा. ज्याच्या खिशाला झेंडा नाही त्याच्यासमोर डबा येतो. आमचे एक सहकारी म्हणूनच गेल्या वर्षीचा झेंडा ड्रॉवरमध्ये जपून ठेवतात. देशभक्तीला एवढं टिकाऊ रूप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

२०२३ मध्ये पॉपी प्लास्टिक सोडून निव्वळ कागदाची झाली, बटण गेलं. कागदाचं फूल खोटं, असं आपण सहज म्हणून जातो. पण ते जोडणाऱ्या त्या पाच जणांच्या घरी जाणारं पगाराचं पाकीट मात्र अगदी खरं होतं.