लिहिणे, ओढणे, काढणे : चित्रक्रियेच्या शब्दांचा मागोवा

तंजावरच्या उत्तरेस सुमारे बारा किलोमीटरांवर कावेरीकाठी तिरुवैयारु वसले आहे. 1847 मध्ये त्यागराजांनी येथेच देह ठेवला, तेव्हा तंजावरच्या गादीवर दुसरे शिवाजीराजे भोसले होते. मंदिरात संस्कृत, घरोघरी तमिळ, त्यागराजांच्या रचनांत तेलुगू, राजदप्तरात मराठी आणि कंपनीच्या व्यवहारात इंग्रजी अशा पाच भाषा या परिसरात शेजारी नांदत होत्या. चित्रासाठी हाताने रेघ उमटविण्याच्या क्रियेला या भाषा काय म्हणतात, हे पाहणे उद्बोधक आहे.

संस्कृतातील ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे. त्याचे प्राचीन रूप ‘रिख्’ ऋग्वेदात आढळते. ‘रेखा’ आणि ‘लेखा’ हे शब्द याच मुळाचे. त्यामुळे लिहिणे आणि चित्र काढणे या दोहोंसाठी संस्कृतला एकच धातू पुरला. शाकुंतलाच्या सहाव्या अंकातील दुष्यंत शकुंतलेचे चित्र ‘लिहितो’. जुन्या मराठीतही ‘चित्र लिहिणे’ असाच प्रयोग होता. तमिळमध्ये ‘एळुदु’ म्हणजे लिहिणे, परंतु प्राचीन काव्यात हेच क्रियापद चित्र रंगविण्यासाठी आणि डोळ्यांत काजळ रेखण्यासाठीही योजिलेले दिसते. लोखंडी लेखणीने ताडपत्रावर अक्षर कोरणाऱ्या समाजाला लेखन आणि चित्रण यांत भिंत घालण्याचे कारण नव्हते.

मराठीने मात्र या ‘लिहिण्या’शेजारी आणखी एक वाट धरली. आपण रेघ ‘ओढतो’ आणि चित्र ‘काढतो’. ‘काढणे’ हे प्राकृतातील ‘कड्ढ’ या धातूवरून आले. हेमचंद्राने आपल्या व्याकरणात ‘कृष्’ म्हणजे खेचणे याच्या प्राकृत आदेशांत ‘कड्ढ’ नोंदविला आहे. विहिरीतून पाणी, पायातून काटा, कापडावर कशिदा, उंबऱ्यापुढे रांगोळी आणि कागदावर वळणदार अक्षर, हे सारे मराठी माणूस ‘काढतो’. इंग्रजीतील ‘ड्रॉ’ याचाही मूळ अर्थ ओढणे हाच होय. येथे एका भाषेने दुसरीचे अनुकरण केलेले नाही. ओरखड्यात साधनाचे टोक पृष्ठभागावर रुतते, ओढण्यात हाताची गती प्रधान असते. एकाच कृतीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी होत, आणि दूरदूरच्या भाषांनी त्या स्वतंत्रपणे स्वीकारल्या.

तंजावरच्या मराठी राजवटीत या दोन्ही दृष्टींचे पुरावे जवळजवळ सापडतात. दुसरे सरफोजीराजे (1798–1832) यांच्या आज्ञेने 1803 मध्ये भोसले वंशाचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या दगडी भिंतीवर मराठीत कोरला गेला. तेथे लेखन आपल्या ओरखड्याच्या मूळ अर्थाकडे परतले. दप्तरातील मोडी कागदांवर मात्र आधी ओळभर आडवी रेघ ओढली जाई आणि मग तिच्याखाली अक्षरे मांडली जात. याच राजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदींत डोळ्यांची हाताने काढलेली चित्रे आहेत आणि ती सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत. तेथे व्याधीचे वर्णन आणि व्याधीचे चित्र हे एकाच निरीक्षणाचे दोन भाग आहेत.

मुंबईत 1857 मध्ये कलाशाळा सुरू झाली. पुढे शाळांतून ‘ड्रॉइंग’ हा स्वतंत्र विषय झाला, आणि ही संकल्पना व तिचा शब्द आपल्याकडे परकाच आहे, असा समज रूढ झाला. तो अर्धसत्य आहे. उणीव होती ती नामाची, क्रियेची नव्हे. ‘काढणे’ इतके व्यापक की त्यातून एका कलाप्रकाराचे नाव वेगळे करता आले नाही. ते काम ‘रेखाटन’ या शब्दाकडे गेले. तो शब्द नेमका आहे, पण त्यात रेघ उरते आणि आतून बाहेर आणण्याचा भाव मागे पडतो.

म्हणून जुन्या ग्रंथात ‘चित्र लिहिले’ असे आढळले, तर संपादकाने ते ढिलाईचे मानून बदलू नये. अक्षर आणि चित्र यांची फारकत होण्यापूर्वीची जाणीव त्या क्रियापदात टिकून आहे. शब्द बदलला तर तिचा पुरावाच नाहीसा होईल.