पांढरीची माती



संपादक मंडळाने लेख मागताना अट घातली, "तुझ्या विषयावर लिही, पण सगळ्यांना कळेल असं." माझा विषय पुरातत्त्व. राजापेठेतल्या आपणा पोरांची त्याच्याशी पहिली गाठ पडली ती कौंडण्यपूरच्या सहलीत. रुक्मिणीचं माहेर, वर्धेचा घाट, डब्यातल्या पुऱ्या. १९६० च्या दशकात तिथल्या टेकाडावर डॉ. मो. गं. दीक्षितांनी उत्खनन केलं होतं आणि आख्यायिकेतल्या गावाखाली इसवी सनापूर्वीच्या वस्तीचे थर सापडले होते. १९६८ साली त्याचा अहवालही छापून आला. आपण पुऱ्या खात होतो ते त्या थरांच्या शेजारीच.

आपल्याकडे शेतीच्या जमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढर. पांढर पांढरट का? शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडं, सगळं एकावर एक साचत जातं म्हणून. पुरातत्त्वाचा माणूस गावात शिरला की आधी विचारतो, "जुनी पांढर कुठं आहे जी?" दुर्दैव असं की शेतकऱ्यालाही ती हवी असते. खत म्हणून, घर लिंपायला म्हणून बैलगाड्या आणि पुढे ट्रॅक्टर भरभरून पांढरीची माती गेली. वऱ्हाडातली किती टेकाडं अशी सपाट झाली असतील, देव जाणे.

हे मी पुस्तकात नाही, उत्खननाच्या कॅम्पात शिकलो. एम.ए.ला असताना थंडीत काही आठवडे तंबूत राहायचं, उजाडायच्या आत खड्ड्यावर हजर व्हायचं. जमिनीवर दोरीने चौकोन आखतात आणि दोन चौकोनांमध्ये मातीची भिंत मुद्दाम उभी ठेवतात, कारण त्या भिंतीत थर वाचता येतात. कुदळ कमी, खुरपी आणि ब्रश जास्त. निघालेली माती चाळायची, खापरं धुवून वाळवायची आणि प्रत्येकावर शाईने बारीक क्रमांक टाकायचा. एक थर उपसला की तो कायमचा गेला. त्यामुळे खणण्यापेक्षा लिहिण्याला, मोजण्याला आणि चित्र काढण्याला जास्त वेळ जातो. खजिना-बिजिना काही नसतं. चार काळपट गोल डाग एका रांगेत दिसले, तर ते झोपडीच्या खांबांचे खळगे. एकदा आम्ही सगळे विद्यार्थी एका भाजलेल्या मातीच्या तुकड्याभोवती डोकं खाजवत बसलो होतो. कामाला आलेली एक म्हातारी टोपली खाली ठेवून म्हणाली, "चूल हाये ना बाप्पा ते." चूलच होती.

ही शिकवण्याची रीत कुठून आली, तेही ऐकण्यासारखं आहे. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये मेडन कॅसल या डोंगरी किल्ल्यावर विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन खोदलं. लंडनला शिकणारे हसमुख सांकळिया तिथे काम शिकले आणि पुढे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व उभं केलं. १९४४ साली व्हीलर भारतात पुरातत्त्व खात्याचे प्रमुख म्हणून आले आणि त्याच वर्षी तक्षशिलेला त्यांनी प्रशिक्षण उत्खनन भरवलं. बी. बी. लाल तिथलेच विद्यार्थी. आपल्या विदर्भात ही परंपरा आणली ती डॉ. शां. भा. देव यांनी. नागपूर विद्यापीठात असताना त्यांनी पवनार, टाकळघाट-खापा, पवनी, माहुरझरी अशी स्थळं एकामागून एक खोदली.

आता आपल्यापैकी काहींची नातवंडं परदेशात शिकतात. एकीने मला फोनवर विचारलं की स्पेनमध्ये उन्हाळी उत्खनन शिबिरं असतात, जाऊ का? मी म्हटलं, जरूर जा. तिथल्या ईशान्य किनाऱ्यावरचं एम्पुरिएस हे ग्रीक व्यापाऱ्यांनी वसवलेलं आणि रोमनांनी वाढवलेलं गाव १९०८ पासून खणलं जातंय. अशा काही शिबिरांत फी भरून दोन-चार आठवडे कोणत्याही देशाचा विद्यार्थी खुरपी धरू शकतो. आपल्याकडे तसं नाही. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, तो विद्यापीठांना किंवा सरकारी खात्यांना मिळतो, आणि कॅम्पात जायचं तर बहुधा त्या विषयाचा विद्यार्थी असावं लागतं. परवान्याची अट योग्यच आहे. पण हौशी मुलांसाठी एक दारही किलकिलं नसावं, हे मला पटत नाही.

आणि खणण्याजोगं आपल्याकडे काय कमी आहे? बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात पूर्णेकाठी भोन आहे. डेक्कन कॉलेजने डॉ. भास्कर देवतारे यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केलं. मौर्य-सातवाहन काळातली मोठी वस्ती निघाली. विटांच्या स्तूपाचे अवशेष, भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी, पाण्यासाठी बांधलेला कालवा. हा आपला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, हे अकोल्या-दर्यापूरकडच्या मित्रांना सांगायला नको. तिथे दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी पाण्यासाठी किती खटपट केली असेल, ते मला त्या कालव्यात स्तूपापेक्षाही जास्त दिसतं.

भोन जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येतं. त्याच पट्ट्याला पाणी हवं म्हणून धरण, त्यामुळे धरणाला विरोध करायला माझी जीभ रेटत नाही. पण स्तूपाचं काय करायचं, हे पाणी चढण्याआधी ठरायला हवं, आणि जेवढं खणून नोंदवता येईल तेवढं आधी व्हायला हवं. एकदा गाळ बसला की तिथे खुरपी चालणार नाही.

शेगावला जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. भोन तिथून फार लांब नाही. थंडीत, पिकं निघाल्यावर जा, पोरांना न्या. शेतात पायाखाली खापरं दिसतील. बघा, हातात घ्या, आणि होती तिथेच ठेवा. कोणाला सोबत हवी असेल तर मला कळवा, मी येतो.